बाबांचा कारल्याचा रस आणि अर्धी केलेली गोळी

पुण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वडील 61 वर्षांचे, मधुमेहाला 11 वर्षं झाली. मेटफॉर्मिन 1000 दोन वेळा आणि ग्लिमेपिराइड 2 मिलिग्रॅम सकाळ-रात्र अशा गोळ्या आहेत. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) 8.3 आलं तेव्हा आईंनी कंबर कसली. आता पहाटे उपाशीपोटी कारलं-दुधीचा रस, मग मेथीचं पाणी, दोन वेळा जांभूळबीचं चूर्ण आणि रात्रभर विजयसारच्या लाकडी पेल्यात ठेवलेलं पाणी, असा क्रम चालू आहे. रात्रीचं जेवण बंद करून नुसतं सूप देतात. दोन महिन्यांत उपाशीपोटीची साखर 160 वरून 112 वर आली. बाबांनी खूश होऊन परस्पर मेटफॉर्मिन अर्धी केली, कारण ‘ती मोठी गोळी गिळवत नाही’. मात्र आठवड्यात दोनदा पहाटे त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरले. आई म्हणतात पित्त. शेजारच्या काकांचं म्हणणं, अजून महिनाभर चालू ठेवा, सगळ्या गोळ्या सुटतील. ताई विचारतात, यातलं खरं किती?

मी सावंतवाडीकडे 27 वर्षं वैद्यकी करते. यातली प्रत्येक वनस्पती मी वापरलेली आहे, म्हणून जरा मोकळेपणाने लिहिते.

आधी पहाटेच्या घामाचं बघू, बाकीचं चार दिवस थांबलं तरी चालेल. पित्त झालं की जळजळतं, आंबट पाणी तोंडाशी येतं, डोकं चढतं. पहाटे अंथरूण भिजेल एवढा घाम, थरथर, छातीत धडधड आणि दोन बिस्किटं पोटात गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांत हुशारी, हे साखर उतरल्याचं लक्षण आहे. पुढच्या वेळी आधी बोटाला सुई टोचून साखर बघा. 70 च्या खाली असेल तर ग्लुकोज पावडरचे तीन चहाचे चमचे पाण्यात घालून द्या आणि पंधरा मिनिटांनी परत तपासा. यंत्र हाताशी नसेल तर तपासत बसू नका, आधी ग्लुकोज द्या. माणूस ग्लानीत असेल तर मात्र तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

आता गोळीचं. बाबांनी नेमकी चुकीची गोळी कापली. मेटफॉर्मिन एकटी सहसा साखर धोक्याइतकी खाली नेत नाही. साखर पाडते ती दुसरी, छोटी, गिळायला सोपी ग्लिमेपिराइड. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवलेले असा की नुसतं सूप प्यायलेले. रात्रीची ग्लिमेपिराइड तशीच राहिली, भाकरी-भात गेला, वर चार उपाय आले. पहाटे घाम फुटणारच. माझा अंदाज आहे की 112 या आकड्यात मोठा वाटा बंद झालेल्या रात्रीच्या जेवणाचा आहे, पेल्याचा आणि चूर्णाचा कमी. डॉक्टरांना हे सगळं सांगितलंत तर ते बहुधा ग्लिमेपिराइडकडेच आधी बघतील. पण तो निर्णय त्यांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) वगैरे बघून घ्यायचा आहे. शेजारच्या काकांनी नाही, आणि इथून मीही नाही. आज-उद्या फोन करा, पुढच्या तारखेची वाट बघू नका.

मोठ्या गोळीचा राग येणाऱ्या बाबांना एक गंमत सांगा. मेटफॉर्मिनचं मूळही झाडपाल्यातच आहे. युरोपात गॅलेगा नावाचं जांभळट फुलांचं एक झुडूप सतत तहान-लघवी होणाऱ्यांना देत असत. त्यातलं गॅलेजिन हे द्रव्य साखर उतरवतं, पण ते विषारी. चारा म्हणून खाल्लं तर मेंढ्या मरतात. त्याच कुळातलं, पण माणसाला सोसवेल असं रसायन शोधता शोधता मेटफॉर्मिन हाती आलं आणि 1957 मध्ये पॅरिसच्या ज्याँ स्टर्न यांनी मधुमेहींवरचा त्याचा वापर प्रसिद्ध केला. ‘झाडपाला बरा, गोळी नको’ म्हणणारे माझ्याकडे रोज येतात. त्यांना ही गोष्ट सांगितली की निदान गोळीकडे बघायची नजर थोडी निवळते.

आता आईंच्या उपायांकडे. सगळ्यात भरवशाची मेथी, आणि नेमकी तीच आपल्याकडे चुकीची घेतली जाते. रात्री चमचाभर मेथी भिजवायची, सकाळी पाणी प्यायचं आणि दाणे कुंडीत टाकायचे! मेथीचं बरंचसं काम तिच्या बुळबुळीत तंतूंमुळे होतं. ते पोटात फुगतात आणि जेवणातली साखर रक्तात हळूहळू उतरवतात. हे तंतू दाण्यात असतात, तुम्ही पिता त्या पिवळसर पाण्यात ते नावालाच येतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत मेथीवर जे काम झालं त्यात दिवसाला 25 ग्रॅमपासून 100 ग्रॅमपर्यंत मेथी दिलेली होती. 25 ग्रॅम म्हणजे साधारण सहा चहाचे चमचे. 2014 मध्ये दहा चाचण्यांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात उपाशीपोटीची साखर सरासरी 17 ने आणि एचबीएवनसी 0.85 ने उतरलेलं दिसलं. चाचण्या लहान होत्या, सगळ्या काटेकोरही नव्हत्या, पण स्वयंपाकघरातल्या वस्तूसाठी हा आकडा वाईट नाही.

तेव्हा दाणे खा. एकदम सहा चमचे नको, पोट डमरूसारखं फुगेल. एका चमच्यापासून सुरुवात करा, आठवड्याने दुसरा. भिजवून मोड आणले तर कडूपणा बराच जातो. कांदा, लिंबू, मीठ घालून कोशिंबीर होते. भाजून दळून ज्वारीच्या पिठात मिसळली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. घ्यायची ती जेवणाबरोबर, कारण जिथे पिष्ट येणार तिथेच तिचं काम आहे. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि मेथीत काही तासांचं अंतर ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

कारल्याचं प्रकरण जरा वेगळं. त्यात साखर उतरवणारी द्रव्यं आहेत हे खरं आहे. त्यातल्या एका प्रथिनाला लोक ‘वनस्पतींचं इन्सुलिन’ म्हणतात. पण प्रथिन प्यायलं की जठरात त्याची डाळीच्या वरणासारखीच गत होते, पचून जातं. इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं ते याच कारणाने. थायलंडमध्ये 2011 साली कारल्याच्या कॅप्सूल आणि मेटफॉर्मिन अशी तुलना झाली. रोज 2 ग्रॅम कारल्याचा परिणाम दिसला, पण रोजच्या 1000 मिलिग्रॅम मेटफॉर्मिनपेक्षा कमी. पुढच्या वर्षी कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने उपलब्ध चाचण्या तपासल्या आणि ठाम शिफारस करण्याइतका पुरावा नाही असं म्हटलं. माझा अनुभवही असाच धरसोडीचा आहे. एखाद्याची जेवणानंतरची साखर तीस-चाळीसने उतरते, दुसऱ्याचं नुसतं तोंड कडू होतं.

भाजी म्हणून कारलं उत्तम, आठवड्यात दोन-तीनदा करा, फक्त गूळ बेताने. आपल्याकडे मीठ चोळून कडू पाणी पिळून टाकतात आणि मग दुसऱ्या दिवशी तेच कडू पाणी औषध म्हणून ग्लासात घेतात, हे मला कायम मजेशीर वाटत आलं आहे. उपाशीपोटी ग्लासभर रस, तोही वर ग्लिमेपिराइड, हे बंद करा. त्यात दुधी तर अजिबात नको. दुधी, काकडी, कारलं ही एकाच कुळातली मंडळी. दुधीत कधीकधी कुकुर्बिटासिन नावाचं कडू विष तयार होतं आणि कारल्याच्या कडूपणात ते लपून जातं. दिल्लीत 2010 मध्ये असा मिसळलेला रस प्यायल्यानंतर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने समिती नेमली आणि दुधीचा रस कडू लागला तर पिऊ नका असं स्पष्ट सांगितलं. दुधी चिरताना एक फोड जिभेला लावून बघायची आजीची सवय होती ना, ती याचसाठी.

जांभूळबीबद्दल मी फार बोलणार नाही. नाव मोठं आहे, ग्रंथांतही आहे, बी तुरट असल्याने वारंवार लघवीला जाणाऱ्यांना थोडं बरं वाटतं असं मी पाहिलं आहे. पण माणसांवरचे भक्कम पुरावे तोकडे आहेत. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा चहा देऊन बघितला तर साखरेत काही फरक पडला नाही. अर्थात तो पानांचा होता, बियांचा नाही. घ्यायचीच असेल तर जूनमध्ये घरी खाल्लेल्या जांभळांच्या बिया धुवा, सावलीत वाळवा, टरफल काढून दळा. बाजारातल्या डब्यात बी किती आणि भुसा किती, हे मला रंगावरून ओळखता येत नाही.

विजयसारचा पेला मात्र मला मनापासून आवडतो. आमच्याकडे त्या झाडाला बिबळा म्हणतात. साल कापली की रक्तासारखा लाल डिंक येतो. पेल्यात रात्री पाणी ठेवलं की सकाळी ते चहासारखं पिवळं-तपकिरी होतं. ते काचेच्या ग्लासात ओतून खिडकीशी धरा, कडेला निळी-हिरवट झाक दिसेल. ती झाक नसेल तर लाकूड बिबळ्याचं नाही किंवा पेला थकलेला आहे. महिना-दीड महिन्यात रंग उतरायचा बंद होतो, तरी लोक तोच पेला वर्षभर भक्तिभावाने वापरतात. वैद्यकीय संशोधन परिषदेनेच विजयसारची चाचणी घेतली होती, 1998 मध्ये ती प्रसिद्ध झाली. नव्याने निदान झालेले 97 रुग्ण, रोज 2 ते 4 ग्रॅम, बारा आठवडे. त्यातल्या 67 जणांची साखर ठरवलेल्या मर्यादेत आली. जाहिरातवाले एवढंच सांगतात. एचबीएवनसीची सरासरी 9.8 वरून 9.4 वर आली, हे ते सांगत नाहीत. शिवाय तुलनेला दुसरा गट नव्हता, रुग्ण नवे होते, औषध मोजून दिलेलं होतं. पेल्यातून किती उतरतं हे लाकडागणिक बदलतं. अकरा वर्षं जुन्या मधुमेहात पेल्याने गोळी सुटणार नाही. पण प्यायला हरकतही नाही. पेला रोज घासून उन्हात वाळवा, नाहीतर आत बुरशी धरते.

तुम्ही विचारलेलं नाही, पण आज ना उद्या कोणीतरी सप्तरंगी आणून देईल. कोकण-गोव्यात तिची मुळं बाजारात मिळतात, आतून नारिंगी-पिवळी वर्तुळं असतात. ती आतड्यात पिष्ट फोडणाऱ्या पाचकरसाला अडवते. अकार्बोज आणि वोग्लिबोज या गोळ्याही हेच करतात. श्रीलंकेत तिच्याच जातकुळीतल्या कोथला हिंबुटूचा चहा देऊन 51 जणांवर चाचणी झाली, त्यात एचबीएवनसी उतरलं. गॅस होतो, तेवढं सोसावं लागतं. मात्र एक गोष्ट घरच्या सगळ्यांनी लक्षात ठेवावी. सप्तरंगी किंवा वोग्लिबोज चालू असताना साखर एकदम उतरली तर नेहमीची साखर, गूळ, बिस्किट यांचा गुण उशिरा येतो, कारण त्यांना फोडणारं यंत्रच अडवलेलं असतं. तिथे ग्लुकोजच हवं. म्हणून मी मघाशी बिस्किटं न लिहिता ग्लुकोज पावडर लिहिली.

आणि बेडकीचा पाला, म्हणजे मधुनाशिनी. माझ्या दवाखान्यामागे तिचा वेल आहे. नव्या रुग्णाला मी दोन पानं चावायला देते, मिनिटभराने तोंड धुवायला लावते आणि मग जिभेवर चिमूटभर साखर ठेवते. माणूस चक्रावतो. ‘रेती खाल्ल्यासारखी लागते हो बाई!’ असं एक आजोबा म्हणाले होते. पाऊण तासाने चव परत येते. त्यातली जिम्नेमिक आम्लं जिभेवरच्या गोड ओळखणाऱ्या जागा अडवून बसतात. चेन्नईत 1990 मध्ये 22 रुग्णांना हिचा अर्क दीड वर्षाहून जास्त दिला, पाच जणांच्या गोळ्या थांबवता आल्या. संख्या फार लहान आहे, तरी दुर्लक्ष करण्यासारखी नाही. मी हिचा वापर करते तो मुख्यतः जेवणानंतर हात डब्याकडे जाणाऱ्यांसाठी. पान चावल्यावर पेढा मातीसारखा लागतो आणि माणूस दुसरा मागत नाही. ही पानंही ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनबरोबर साखर आणखी खाली नेऊ शकतात.

गॅलरीतल्या कुंडीतलं ‘इन्सुलिनचं झाड’? त्यात इन्सुलिन नाही. दक्षिण अमेरिकेतून आलेली शोभेची वनस्पती आहे, दिसते छान.

ग्रंथांबद्दल एक सांगते, कारण ‘आयुर्वेदात लिहिलंय’ हे वाक्य मला दिवसातून चार वेळा ऐकायला मिळतं. चरकांनी प्रमेहाची, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या विकारांची, कारणं सांगताना पहिलेच दोन शब्द वापरलेत: आस्यासुखं, स्वप्नसुखं. बसून राहण्याचं सुख, झोपून राहण्याचं सुख. मग दही, नवं धान्य, गुळाचे पदार्थ. सुश्रुतांनी तर गरीब, एकट्या रुग्णाला सांगितलंय की पायात वहाणा आणि डोक्यावर छत्री न घेता, भिक्षा मागत, एका गावी एकच रात्र मुक्काम करत शंभर योजनं चाल. (अनवाणी मात्र चालू नका. बधिर पायाच्या मधुमेह्याला एक काटा महिनाभर खाटेवर ठेवतो.) वाग्भटांनी प्रमेहात श्रेष्ठ म्हणून आवळा आणि हळद ही जोडी निवडली, ‘मेहेषु धात्रीनिशे’. हिवाळ्यात आवळ्याचा रस आणि ओली हळद मी अजूनही देते. बाटलीबंद हळदीच्या तीव्र कॅप्सूल देत नाही.

याच चरकांनी प्रमेही दोन प्रकारचे सांगितलेत, एक स्थूल आणि बलवान, दुसरा कृश आणि दुबळा. दोघांचे उपचार वेगळे. हे वाक्य मी परीक्षेत घडाघडा लिहिलं होतं आणि दवाखाना टाकल्यावर तिसऱ्याच वर्षी विसरले. चौतिशीचा एक तरुण आला होता. साखर 340, दोन महिन्यांत नऊ किलो वजन उतरलेलं, सतत तहान. मी निशा-आमलकी (हळद-आवळा) आणि विजयसार देऊन तीन आठवड्यांनी बोलावलं. अठराव्या दिवशी त्याची बायको धावत आली. घरी गेले तर तो उलट्या करत होता, श्वास जोरजोरात, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. रक्तात किटोन, म्हणजे इन्सुलिनअभावी चरबी जळून तयार होणारी आम्लं, साठले होते. अतिदक्षता विभागात पाच दिवस काढून तो वाचला. त्याच्या स्वादुपिंडात इन्सुलिन तयारच होत नव्हतं; जगातला कुठलाही पाला तिथे ते आणू शकला नसता. तेव्हापासून वजन झपाट्याने उतरलेला मधुमेही, लहान मूल किंवा गरोदर बाई माझ्याकडे आली की मी पुडी बांधत नाही. चिठ्ठी लिहिते आणि त्याच दिवशी इन्सुलिनसाठी पाठवते.

बाजारातल्या चूर्णांबद्दल दोन शब्द. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे 1954 च्या कायद्याने बंदी आहे, तरी रिक्षाच्या पाठीपासून मोबाइलपर्यंत ती दिसते. बिनलेबलच्या चूर्णाने चार दिवसांत साखर शंभराने उतरली तर आनंदून जाऊ नका. अशा पुड्यांत ग्लिबेनक्लामाइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या कुटून घातलेल्या सापडल्या आहेत. रुग्णाला वाटतं गोळी सुटली. खरं तर तो न मोजलेली गोळी खात असतो. आणि गुळवेल ‘साखरेलाही चांगली’ म्हणून रोज काढा करून पिऊ नका. 2020 च्या शेवटी, कोविडच्या काळात, मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाली, त्याची नोंद 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने ती गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते असं म्हटलं. असेलही. पण कुंपणावरून तोडताना तुम्हा-आम्हाला तो फरक कसा कळणार?

आता आईंनी काय करावं. चार उपाय एकदम म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. साखर उतरली तर कशाने हे कळत नाही आणि घाम फुटला तरी कशाने हे कळत नाही. रस आणि चूर्ण आजपासून थांबवा. गोळ्या डॉक्टर सांगतील तशा. रात्री सूपाबरोबर एक भाकरी आणि उसळ परत सुरू करा. असा एक आठवडा जाऊ द्या. त्या आठवड्यात रोज उपाशीपोटी आणि दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी साखर बघा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब असतो, त्याच चौकटीत दोन आकडे लिहा. दुसऱ्या आठवड्यापासून फक्त मेथीचे दाणे जेवणाबरोबर, बाकी जेवण तेच. तीन आठवड्यांनी आधीच्या आकड्यांशी ताडून बघा. दुपारचा आकडा वीस-तीसने खाली आलेला दिसला तर मेथी बाबांना मानवते. नाही दिसला तर सोडा, वाईट वाटून घेऊ नका. मग पुढचा प्रयोग. एचबीएवनसी तीन महिन्यांनीच करा, मधे केलं तर जुनाच काळ त्यात मिसळून येतो.

पेला आईंकडेच राहू द्या. इतक्या प्रेमाने रोज रात्री पाणी भरून ठेवतात, ते थांबवायचं कारण नाही. फक्त डॉक्टरांकडे जाताना तो पेला, चूर्णाचा डबा, अर्ध्या केलेल्या गोळ्यांची पट्टी आणि कॅलेंडरचं पान, सगळं एका पिशवीत घालून न्या आणि टेबलावर काढून ठेवा. बाबा स्वतः सांगणार नाहीत. ते ‘सगळं वेळेवर घेतो’ एवढंच म्हणतील. आणि ग्लुकोजचा डबा स्वयंपाकघरात ठेवू नका, त्यांच्या उशाशी ठेवा, चमचा आत घालून.